खाकी कव्हरांखाली

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. अमरावती

दसऱ्याला अ.ला झटका आला, आज दवाखान्यातून घरी आणलं. पुढची खोली रिकामी करून तिथं पलंग लावलाय, दांडा फिरवून डोकं वर करता येतं असला. उजवा हात, उजवा पाय गेल्यातच जमा. बोलणं नाही. फक्त "ते". पाणी हवं तरी ते, कूस बदलायची तरी ते, रागावला की ते ते ते. आयुष्यभर कोर्टात समोरच्या वकिलाला वाक्य पुरं करू दिलं नाही, त्या माणसाच्या वाट्याला एक शब्द यावा. देवाची ही थट्टा असेल तर मला हसू येत नाही.

स्पीच थेरपीवाली येऊन गेली. माझ्या चित्रकलेच्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी असेल. म्हणाली, काकू, जे परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच ओढून आणावं लागतं. काका ज्यावर न थांबता बोलायचे ते रोज त्यांच्यासमोर ठेवा.

न थांबता बोलायचा विषय एकच. जॅझच्या रेकॉर्डी. त्यातही गाणं राहू द्या बाजूला, कव्हरं.

१९ नोव्हें.

पाहुणा आला की चहाच्या आधी परीक्षा. अ. कव्हरवरच्या नावावर पंजा ठेवायचा आणि विचारायचा, सांगा, कुठल्या काळातलं? अमरावतीत कोण सांगणार. मग स्वतःच सुरू. आधी नुसती तपकिरी पिशवी होती, मध्ये भोक पाडलेली. मग कुणाला तरी सुचलं की वर चित्र लावू. आली चित्रं, सर्कशीच्या पोस्टरसारखी, हवेत उडणारे पियानो, तीन सपाट रंग. मग फोटो आले. एकाच रंगात बुडवलेले, निळ्या नाहीतर लाल, आणि कपाळ कापलेले. "कपाळ कापायला हिंमत लागते, सुनंदा." मग सत्तरच्या आसपास अक्षरं वितळली. मग ग्रह, वाळवंट, पिरॅमिड. मग नुसता चकचकाट. आणि मग सगळ्यांना पश्चात्ताप झाला, माणूसच काढून टाकला, रिकामं आकाश छापायला लागले.

मी स्वयंपाकघरातून ओरडायची, साठ साल संपलं असेल तर पोहे आणू का.

पलंगासाठी तो दवाखान्यात असतानाच कपाटं हलवावी लागली. सगळ्या रेकॉर्डी अकोल्याला, शैलाताईंकडे. अ.ची थोरली बहीण. बार्शीटाकळीच्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झाल्या, एकट्याच असतात. आज फोन केला. म्हणाल्या, "काळजीच नको करू. असे ठेवले ना मी, का अरविंद पाहतच राहीन."

२४ नोव्हें., रवि. अकोल्याहून परत

अ.चं करायला ठेवलेली मंगला दिवसभर त्याच्यापाशी थांबली म्हणून जाता आलं. मोर्शीकडची आहे, हाताला जड पण मायेची.

काय लिहू. शैलाताईंनी कपाट उघडलं. आत सगळं खाकी. एकूण एक कव्हराला खाकी कव्हर. कोपरे मुडपलेले, वर पांढरं लेबल, शाईच्या पेनानं सुवाच्य अक्षर: चि. अरविंद. विषय: गाणी. खाली क्रमांक. दरवर्षी जूनमध्ये गरीब मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालून देत आल्या त्या. तीच शिस्त.

मला वाटलं, सरकवून निघेल. निघेना. पूर्ण अंगाला खळ लावलेली होती.

"सरकू नये म्हणून सगळीकडून लावली. अन् मोरचूद टाकला खळीत, कसर लागत नाही."

"कधी केलंत एवढं?"

"तो नळ्यांत होता तवा. मले तिथं बसू देत नव्हते न व. हात रिकामे राहिले का डोक्यात नाही नाही ते येत होतं. मंग खळ शिजवली. एका कव्हराले एक माळ जप."

त्यांच्या बोटांच्या पेरांना अजून निळसर डाग आहे. मी म्हटलं, बरं केलंत. दुसरं काय म्हणणार होते. काही रेकॉर्डी पिशवीत घालून घेतल्या, बाकीच्या तिथंच ठेवल्या. निखाऱ्यावर बसल्यासारखी मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये बसले, मग रडले.

२५ नोव्हें.

पातेल्यावर धरून वाफ दिली. खाकी कागद सुटला, एकटा नाही. सॅक्सोफोनवाल्याचं अर्धं तोंड त्याच्याबरोबर निघून आलं. खाली करडा पुठ्ठा आणि मोरचुदाचा हिरवा पोपडा.

दुसरं, ओल्या फडक्यानं. तेच. तिसरं, पातळ सुरीनं. तेच, वर बोट कापलं.

शैलाताईंना मनात जे जे बोलले ते इथं लिहीत नाही. मंगला म्हणाली, "काहून रडता जी, कागदच तं आहे." तिला कव्हराचा तुकडा दाखवला, समजावायला गेले, नीट समजावता आलं नाही.

२८ नोव्हें.

आता कळलंय. जुन्या कव्हरांवर नुसता छापील कागद आहे, ती मरतात. नंतरच्यांवर चकचकीत थर आहे, त्यांचं खाकी उकडलेल्या अंड्याच्या सालासारखं येतं. म्हणजे वाचणार कोण? ग्रह, पिरॅमिड, वितळलेली अक्षरं, गुलाबी ट्यूबलाइटी, पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर सारलेले लोक. ज्यांना अ. "पानठेल्यावरचे आरसे" म्हणायचा. आणि जी त्याच्या जिवाची, उडते पियानो आणि निळे कापलेले चेहरे, ती गेली. सगळीच जाणार, अकोल्यातलीसुद्धा.

१ डिसें., रवि.

वाचलेली एकेक त्याच्यासमोर धरली. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"साहेबाले नाही आवडलं," मंगला म्हणाली. मला उलट हायसं वाटलं, निदान नावड तरी शिल्लक आहे. दुपारी परत दाखवली. या वेळी तोंडही फिरवलं नाही. माझ्या खांद्यावरून पंख्याकडे बघत राहिला.

४ डिसें.

हे सगळं मोबाइलवर मिळतं, ठाऊक आहे मला. एवढी अडाणी नाही. मोबाइलवर दाखवून झालं, तो काचेकडे टीव्हीकडे बघावं तसा बघतो. मग राजकमल चौकात जाऊन मोठे प्रिंट काढून घेतले. दुकानदार म्हणाला, "म्याडम, फोटो लय फिका होता, मी उठाव देऊन देला." निळा रंग निवडणुकीच्या बॅनरसारखा झालाय. अ.नं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

९ डिसें.

थेरपीवाली आता रोज नाही, एक दिवसाआड येणार. "काकू, अपेक्षा थोड्या..." असं काहीतरी म्हणाली. वाक्य पुरं करायची हिंमत नव्हती तिला. मी म्हटलं, चहा घे.

भीती वाटते. उघडच लिहिते, इथं कोण वाचणार आहे. तो गेला असता तर लोक येऊन बसले असते, चार दिवस रडता आलं असतं. हा आहे, समोर आहे, आणि घरात आवाज नाही. मला त्याचं बोलणं हवंय. तेच कंटाळवाणं, दुसऱ्याला बोलू न देणारं. आम्हाला मूलबाळ नाही. घरातला सगळा गोंगाट तोच करायचा.

१८ डिसें., बुध.

नीट लिहून ठेवते, उद्या खोटं वाटेल.

दुपारी त्याच्याशेजारी बसून प्रिंटवरून नक्कल करत होते. कशासाठी, माहीत नाही. हात रिकामे राहिले की डोक्यात नाही नाही ते येतं, शैलाताईंचं खरं आहे. तो निळा ट्रम्पेटवाला. खडूनं काढला. आयुष्यभर मुलींना शिकवलं, विषय कागदाच्या मध्यभागी, चारी बाजूंनी समास, डोकं संपूर्ण. हात त्याच वळणानं गेला. प्रिंटमध्ये कपाळ कापलेलं, मी पूर्ण काढलं, केसांसकट.

"ते."

बघितलं तर तो कागदाकडे बघतोय. "ते. ते ते." मान हलवतोय. डाव्या हातानं माझ्या हातातला खडू ओढला. वेडीवाकडी, पण दाबून, भुवयांच्या जरा वर एक आडवी रेघ मारली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग खडू टाकून दिला आणि दमून पडून राहिला.

मंगला म्हणाली, "बाई, तुमचं चित्र खराब करून टाकलं साहेबानं."

मी त्या रेघेवर कात्री चालवली आणि उरलेलं त्याला दाखवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. पंख्याकडे नाही, माझ्याकडे.

२० डिसें.

म्हणजे बरोबर दाखवून उपयोग नव्हता. बरोबर असेल तर हा गप्प. साक्षीदार खरं बोलत असला की वकील कशाला उठेल? चूक दिसली की उठतो.

थेरपीवालीला सांगितलं. ती इतकी खूश झाली की पर्स विसरून गेली.

२७ डिसें.

रोज एक चूक. काल उडत्या पियानोला सावली दिली, खाली जमीन काढली. त्यानं अंगठ्यानं सावली घासून घासून पुसली, कागद फाटेस्तोवर. परवा नाव वर मध्यभागी ठळक लिहिलं, लग्नपत्रिकेसारखं. त्यानं बोटानं ते ढकलल्यासारखं केलं, खालच्या डाव्या कोपऱ्याकडे. मी तिथं बारीक लिहिल्यावर शांत. आज निळ्या चेहऱ्याला लाल ओठ रंगवले. खडू थेट मंगलाच्या अंगावर.

"हे पाहा बाप्पा, मी का केलं?" मंगला म्हणाली. मी हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसले असेन.

चुका करायला आधी बरोबर काय ते शिकावं लागतंय. फोनवर बघत बसते. इतकी वर्षं हा घसा कोरडा करून जे सांगत होता, ते आता कळतंय: माणसं तीच, वाजवतात तेच, आणि दर दहा वर्षांनी त्यांच्याकडे बघायची तऱ्हा बदलते. हे त्याला सांगायचंय. म्हणजे तो म्हणेल, हे मी तुला आधीच सांगितलं होतं.

५ जानेवारी २०२५, रवि.

शैलाताई आल्या. उरलेल्या सगळ्या रेकॉर्डी टेम्पोत घालून, भावाला उपयोग होतोय म्हणून. सोललेल्या कव्हरांचा गठ्ठा मी लपवला होता, मंगलानं झाडताना बाहेर काढून ठेवलेला. त्यांनी एकेक हातात घेऊन बघितलं. अर्धी तोंडं, नुसते पुठ्ठे.

"हे मी केलं?"

"वाफेनं झालं ताई. मी घाई केली."

"खोटं नको बोलू माझ्यासंग. मास्तरीण आहो मी."

मला वाटलं रडतील, म्हणजे मलाही रडता येईल. मग विचारलं, "तू कशावर काढून राहिली चित्रं?" वह्यांच्या मागच्या पानांवर, म्हटलं. त्यांनी पिशवीतून उरलेल्या खाकी कागदाची गुंडाळी काढली, रेकॉर्डीच्या मापात कापून ठेवायला बसल्या. परत अकोल्याला जायचं नाव नाही. राहोत.

संध्याकाळी रिकाम्या आकाशाचं कव्हर काढलं आणि मुद्दाम मध्ये एक माणूस उभा केला. अ.नं त्याला नखानं खरवडून काढलं. शैलाताई म्हणाल्या, "काहून काढला बिचाऱ्याले?" अ. म्हणाला, "ते." पण कसं म्हणाला, तर सगळं त्यात होतं. अडाण्यांच्या घरात जन्मलो, असं.

१४ जाने., संक्रांत

आज "का". पहिल्यांदाच ते सोडून दुसरं. पुन्हा कपाळ पूर्ण काढलं होतं. रेघ मारताना ओठ आवळले, मान ताठ झाली, आणि "का...". आणखी जोर लावला. "का...प."

मंगलानं ऐकलं, शैलाताईंनी ऐकलं. मी एकटीनं ऐकलं असतं तर स्वतःवर विश्वास ठेवला नसता. थेरपीवालीला लगेच फोन. ती म्हणाली, सवलत देऊ नका, रोज घ्या.

तीळगूळ त्याच्या जिभेवर ठेवला. मी त्याला म्हटलं, गोड नाही बोललास तरी चालेल, फक्त बोल.

१७ जाने.

कापलं. का. काप. दोन दिवस हेच. "ते" कमी झालंय.

आज मी लोभ केला. एका दिवसात तीन चित्रं. तिसऱ्याला थकून झोपला.

२२ जाने.

सकाळी तोंड डावीकडून वाकडं वाटलं. मंगलानंच आधी पाहिलं. अँब्युलन्स. परत एक झटका, लहान आहे म्हणतात. लहान कुणाला? दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. शैलाताई शेजारी माळ ओढतायत. मी विचारलं, मी दमवलं का त्याला? म्हणाल्या, "डाक्टरले इचार. मले नको." डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं. पण विचारताना माझा चेहरा बघून म्हणाले असतील.

३० जाने.

घरी. डावा हात चालतो, चमचा धरतो. पण खडू हातात दिला की धरून ठेवतो, काही करत नाही. मग तो गळून पडतो.

"ते" पण नाही.

३ फेब्रु.

पूर्ण कपाळाचा चेहरा: काही नाही.
सावलीचा पियानो: काही नाही.
लाल ओठ: काही नाही. बघतो खरं. वरपासून खालपर्यंत बघतो, मग माझा हात बघतो.

थेरपीवाली म्हणाली, थोडे दिवस विश्रांती देऊ. मी तिच्यावर ओरडले. विश्रांतीच देत आलोय ना सगळे त्याला. नंतर माफी मागितली. तिनं माझा हात धरला, तेही नको वाटलं.

६ फेब्रु.

खचले आहे. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

९ फेब्रु., रवि.

आज ठरवून अत्याचार केला. शैलाताईंनी कापलेल्या मोठ्या खाकी कागदावर निळा ट्रम्पेटवाला काढला, कपाळासकट, केसांचा भांग पाडून. बत्तीस दात दाखवून हसवला. वर वितळलेली अक्षरं, मध्यभागी. मागं पिरॅमिड. त्याच्या शेजारी सावलीसकट पियानो. चारी बाजूंनी रांगोळीची वेलबुट्टी, शाळेच्या गॅदरिंगच्या फलकाला काढायचे तशी. सगळे काळ एका कागदावर कोंबले. मूळचा अ. असता तर उठून घराबाहेर गेला असता. दोन तास लागले. शैलाताई खडू टोकदार करून देत होत्या, मंगला दारात उभी.

त्याच्यासमोर धरलं. पुठ्ठ्याला टेकवून.

त्यानं बघितलं. किती वेळ बघत होता कोण जाणे. डोळे कागदावर फिरत होते, खरंच फिरत होते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मी मनात म्हणत होते, चिड. फाड. फेक माझ्या तोंडावर. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"छान."

स्पष्ट. शेवटच्या "न"सकट. शैलाताईंच्या हातातून खडूंचा डबा पडला. "बोलला. अवं बोलला माझा भाऊ," करत त्याचं डोकं पोटाशी धरलं, मग पदर सावरून पेढे आणायला गेल्या, चप्पल न घालता. मंगला डोळे पुसत होती. थेरपीवालीला तिनंच फोन लावला.

मी तशीच उभी. लग्नाला पस्तीस वर्षं होतील. माझ्या एकाही चित्राला हा माणूस छान म्हणाला नाही. प्रदर्शनात नाही, शाळेतल्या सत्कारात नाही. "सुबक आहे" म्हणायचा, आणि सुबक ही त्याच्या तोंडी शिवी होती. आणि आज हे चित्र. यात एकही गोष्ट जागेवर नाही. म्हणजे त्याला आता दिसत नाही का? निळा आणि लाल, कापलेलं आणि न कापलेलं, सगळं सारखंच झालं का? मग जो बोलला तो कोण? की त्याला सगळं दिसलं, आणि कागदापलीकडे मी दिसले, महिनोन् महिने खडूनं बरबटलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वाद सोडून दिला?

वाकून विचारलं, "खरंच?"

"छान," म्हणाला.

शैलाताई पेढे वाटतायत. शेजारचे येऊन गेले. थेरपीवाली म्हणाली, काकू, आता दुसरं काहीतरी दाखवून बघा. साधं. वाणसामानाची पिशवी, भिंतीवरचं कॅलेंडर. त्यालाही ते छान म्हणतात का पाहा, म्हणजे कळेल, समजून म्हणतात की नुसता तो शब्द तोंडात बसलाय.

मंगलानं कॅलेंडर काढून माझ्या हातात आणून दिलं. "दाखवा न बाई."

मांडीवर घेऊन बसले आहे. तो माझ्याकडेच बघतोय. कॅलेंडर अजून पालथंच धरलंय.